कॉल आलाय, आता जीडी-पीआयची तयारी कशी करायची

एमबीएच्या ॲडमिशनसाठी दिलेल्या कॅटचा रिझल्ट लागलाय, पर्सेंटाइल बऱ्यापैकी आहे, दोनचार कॉलेजेसचे जीडी-पीआयचे, म्हणजे ग्रुप डिस्कशन आणि पर्सनल इंटरव्ह्यूचे, कॉल पण आलेत आणि हातात महिना दीड महिना आहे, अशा अवस्थेत असाल तर हे तुमच्यासाठी. मी ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलामुलींचे मॉक इंटरव्ह्यू घेत असते आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की करंट अफेअर्सचं कुठलं पीडीएफ वाचू. पीडीएफ वाचाच, पण नंतर. आधी तुम्ही त्या कॉलेजला भरून पाठवलेला फॉर्म काढा आणि समोर ठेवा, कारण पॅनलसमोर पण तोच कागद असणारे आणि त्या पंधरावीस मिनिटांतले बहुतेक प्रश्न त्या कागदातूनच निघणारेत.

त्याच्याही आधी कुठे नक्की काय घेतात ते बघून घ्या. सगळीकडे जीडी असते असं समजून लोक विषय पाठ करत बसतात, पण बहुतेक आयआयएमनी जीडी केव्हाच बंद केलीये, तिथे वॅट म्हणजे लिखाण आणि पीआय असतो, अहमदाबादला त्या लिखाणाला एडब्ल्यूटी म्हणतात. सिंबायोसिसच्या कॉलेजेसमधे ग्रुप एक्सरसाइज ऐकाल, एनएमआयएमएसला केस डिस्कशन, एक्सएलआरआय, आयआयएफटी अशा काही ठिकाणी जीडी अजून असू शकते. आणि राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, ज्या सीट्स भरतात, म्हणजे जमनालाल बजाज वगैरे, तिथे जीडी पीआय नाहीच, सीईटीच्या स्कोअरवर मेरिट लागतं. दरवर्षी थोडंफार बदलत असतं त्यामुळे कॉल लेटर आणि त्या कॉलेजची ॲडमिशन पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा, त्यात वेटेज पण दिलेलं असतं. अहमदाबादचं अलीकडच्या वर्षांतलं बघा, फायनल सिलेक्शनमधे पीआयला 50 टक्के आणि कॅटला 25. म्हणजे ज्या परीक्षेसाठी वर्षभर घासली तिच्या दुप्पट वजन त्या वीस मिनिटांना आहे.

आता फॉर्म. त्यातल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला तीनदा का विचारा, तीनदाच, कारण पॅनल साधारण तेवढंच खोल जातं आणि पहिल्या प्रश्नाला सगळेच उत्तर देतात, माणूस कळतो तो तिसऱ्या प्रश्नाला. ट्रेकिंगचं उदाहरण घेऊ कारण आपल्याकडची निम्मी मुलं हॉबीमधे ट्रेकिंग लिहितात. किती ट्रेक केले, कुठले केले, इथपर्यंत मजेत चालतं. मग विचारतात महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कुठलं, कळसूबाई, किती उंच, 1646 मीटर, ठीक. मग विचारतात की 2025 मधे युनेस्कोनी मराठ्यांचे 12 किल्ले वर्ल्ड हेरिटेजमधे घेतले त्यातला महाराष्ट्राबाहेरचा कुठला, आणि इथे बरेच जण थांबतात. तो तमिळनाडूतला जिंजी. समजा हे पण आलं तर पुढचा प्रश्न असा येतो की राजगडाच्या पायथ्याच्या गावातल्या एखाद्या घराला या यादीमुळे काय फायदा होईल आणि काय तोटा, तुम्ही तिथे जेवला असाल ना, मग सांगा एका वीकेंडला त्या घराचा साधारण धंदा किती होतो. हा प्रश्न तुमच्या जीकेचा नाहीये. तुम्ही जिथे गेलात तिथे डोळे उघडे ठेवून गेलात का हे बघायचंय त्यांना, आणि मॅनेजमेंट शिकायला येणाऱ्या माणसाकडून ते बघणं मला अगदी बरोबर वाटतं. आता गेल्या तीन वर्षांत एकदाच सिंहगडला जाऊन पिठलं भाकरी खाऊन आला असाल तर ट्रेकिंग लिहू नका, क्रिकेट बघायला आवडतं तर तेच लिहा आणि त्यात खोल जा.

ॲकॅडेमिक्सचं पण तसंच. पॅनलवर बहुतेक वेळा प्रोफेसर असतात आणि चार वर्षं जे शिकलात त्याचं काही डोक्यात राहिलंय का हे त्यांना मनापासून बघायचं असतं. सगळे सेमिस्टर परत वाचायला वेळ नाहीये, म्हणून आवडीचे दोन किंवा तीन विषय पक्के करा आणि आवडता विषय कुठला असं विचारलं की तेच सांगा. मेकॅनिकलवाल्यांना ऑटो सायकल आणि डिझेल सायकलमधला फरक, सिव्हिलवाल्यांना एम20 काँक्रीटचं प्रमाण, हे बेसिक प्रश्न असतात आणि बेसिकलाच मुलं अडकतात कारण तयारी सगळी अवघडची केलेली असते. कॉमर्सवाल्यांनो, डेप्रिसिएशन हा खर्च आहे तर मग कॅश फ्लोमधे तो परत का मिळवतात हे तुमच्या धाकट्या भावाला कळेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे. जीएसटीच्या स्लॅबमधे सप्टेंबर 2025 पासून काय बदललं हे तर यायलाच हवं, ते आलं नाही तर पुढचं सगळं ऐकताना पॅनलच्या मनात शंका राहते. आणि गणित ज्यांचं होतं त्यांनी डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय आणि त्याचा मार्जिनल कॉस्टशी काय संबंध हे एकदा बघून ठेवा, हा प्रश्न फार लाडका आहे.

जॉब करत असाल तर कंपनी पैसे कशी कमावते, क्लायंट कोण, कॉम्पिटिटर कोण, आणि तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर नक्की कुणाचं काय अडतं, एवढं स्वच्छ सांगता आलं पाहिजे. आयटीतली बरीच मुलं प्रोजेक्टचं नाव आणि टूल्सची नावं सांगतात आणि तिथेच थांबतात, ज्या बँकेसाठी किंवा विमा कंपनीसाठी ते सॉफ्टवेअर बनतंय तिचा धंदा काय हे त्यांना माहीत नसतं. मॅनेजरला एक दिवस चहाला घेऊन जा आणि विचारून घ्या.

घरचा धंदा आणि शेती याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या मुलांचं इथे फार नुकसान होतं. वडिलांचं किराणा दुकान आहे, इचलकरंजीत चार माग आहेत, निफाडला पाच एकर कांदा आहे, हे मुलं फॉर्ममधे दोन शब्दांत उरकतात आणि विचारलं तर पटकन विषय बदलतात, जणू काही ते कमीपणाचं आहे. अहो, ते तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे! समोरच्या प्रोफेसरला कांद्याचा भाव पेपरातून कळतो, तुम्हाला तो घरी जेवताना कळतो. फक्त त्याचा हिशोब तुम्हाला यायला हवा. एकरी खर्च किती येतो, त्यात मजुरी किती, उतारा किती क्विंटल, उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत किती महिने ठेवता आणि त्यात किती सडतो, वजन किती घटतं, लासलगावला माल नेला की भाडं हमाली तोलाई जाऊन हातात काय पडतं. या सुट्टीत एक संध्याकाळ वडिलांसोबत वही घेऊन बसा. दुकान असेल तर उधारी किती दिवसांची, कुठल्या मालावर किती सुटतं, दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारी ॲप्स आल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं का आणि नेमकं कुठल्या मालाचं कमी झालं. हे सगळं ज्याला सांगता येतं त्याला वर्किंग कॅपिटल म्हणजे फिरतं भांडवल आणि इन्व्हेंटरी म्हणजे मालाचा साठा यांचे प्रश्न वेगळे तयार करावे लागत नाहीत.

आणि हाच कांदा जीडीत कसा वापरायचा ते बघू. समजा विषय आला, शेतमालावर निर्यातबंदी घालावी का. पहिल्या दोन मिनिटांत काय होतं तर चार जण म्हणतात शेतकऱ्यावर अन्याय होतो आणि चार जण म्हणतात महागाई वाढते आणि मग तेच दोन मुद्दे वेगवेगळ्या आवाजात फिरत राहतात. तुम्ही आत येताना टाइमलाइन घेऊन या. ऑगस्ट 2023 मधे सरकारनी कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमधे थेट बंदी घातली, मे 2024 मधे बंदी उठवली पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवलं, सप्टेंबरमधे ते मूल्य काढलं आणि शुल्क 20 वर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क पण शून्य केलं. हे एवढं सांगितलं की चर्चा बरोबर की चूक यावरून निघून वेगळ्याच जागी जाते, की पावणेदोन वर्षांत एवढ्यांदा नियम बदलले तर बांगलादेशातला खरेदीदार आपल्यावर भरवसा का ठेवेल, आणि शेतकऱ्यानी लागवड करताना कुठला भाव धरायचा. मग तुम्ही म्हणू शकता की ग्राहकाला स्वस्त कांदा हवाच आहे, पण त्याचे दुसरे मार्ग बघूया, बफर स्टॉक म्हणजे सरकारी राखीव साठा आहे, चांगल्या चाळी आहेत, आधी जाहीर केलेला नियम आहे, यातलं काय चालेल. चर्चा तुम्ही पुढे नेलीत आणि एकदाही आवाज चढवावा लागला नाही.

जीडीत किती वेळा बोललात हे मोजलं जातं असा एक समज आहे. तीन किंवा चार वेळा नीट बोलायला मिळालं तर भरपूर झालं, त्यातली एखादी एंट्री दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून असावी, म्हणजे मगाशी जे म्हणाले की गोदामं कमी आहेत त्याला जोडून सांगते, असं. सुरुवात करण्याची घाई करू नका, विषय कळला नसेल तर पहिलं बोलून फसण्यापेक्षा एक मिनिट ऐकलेलं बरं. मासळी बाजार झाला तर ओरडू नका, समोरच्याचा श्वास घ्यायचा क्षण पकडा आणि छोटं वाक्य टाका, आकडा टाकला तर लोक थांबतातच. बोलताना मॉडरेटरकडे बघू नका, ग्रुपकडे बघा. एखादी मुलगी किंवा मुलगा मघापासून बोलायचा प्रयत्न करतोय आणि त्याला जागाच मिळत नाहीये हे दिसलं तर त्याला जागा करून द्या, पण तुमचा मुद्दा झाल्यावर, आणि खरंच त्याचं ऐका. दिखावा केलेला लगेच कळतो.

प्रॅक्टिससाठी सातआठ जणांचा ग्रुप करा. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांमधे असाल तर माणसं सहज मिळतील, गावाकडे असाल तर ऑनलाइन करा पण व्हिडिओ चालू ठेवून. आठवड्यातून तीन जीडी पुरेत, प्रत्येक वेळी एकानी बाहेर बसून फक्त लिहून घ्यायचं, कोण कुणाला तोडतं, कोण तेच परत बोलतं, कोण इथं पण निबंधासारखं बोलतं. आणि मॉक इंटरव्ह्यू शक्यतो अनोळखी माणसाकडून घ्या, मित्र अवघड जागी प्रश्न सोडून देतो.

इंग्लिशची भीती. मराठी मीडियमच्या मुलांनी हे नीट वाचा. पॅनलला तुमचा ॲक्सेंट नको असतो, त्यांना मुद्दा कळायला हवा असतो, आणि छोट्या वाक्यांत साधं इंग्लिश बोलणारा मुलगा अडखळत मोठे शब्द वापरणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला ऐकू येतो. मनातल्या मनात उत्तर म्हणून बघणं याला तयारी म्हणत नाहीत, तोंडानी मोठ्यानी बोला. रोज एक प्रश्न घ्या, फोनवर दीड मिनिटाचं उत्तर रेकॉर्ड करा, ऐका, आणि तेच उत्तर परत रेकॉर्ड करा. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, नंतर सवय होते आणि कुठे आपण उगाच ॲक्च्युअली बेसिकली म्हणतोय ते दिसायला लागतं. पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यात ओळखू येतं आणि मधे तोडलं की गाडी रुळावर परत येत नाही. फक्त चार मुद्दे लक्षात ठेवा, वाक्यं दर वेळी वेगळी येऊ देत.

स्वतःबद्दल सांगा, या प्रश्नाला आईवडिलांची नावं आणि दहावी बारावीचे मार्क सांगत बसू नका, ते समोर लिहिलेलंच आहे. ज्यावर पुढचा प्रश्न यावा असं तुम्हाला वाटतं ते सांगा. तुम्ही कुठून आलात, काय केलंत, सध्या काय करताय आणि इथे का बसलायत, दीड मिनिट. गावाचं नाव घेतलंत की गावावर प्रश्न येणार हे धरून चाला. जळगाव म्हटलं की केळी आणि ठिबक, सोलापूर म्हटलं की चादर आणि यंत्रमाग, लातूर म्हटलं की 1993 चा भूकंप आणि 2016 मधे मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. फक्त प्रसिद्ध काय एवढं पुरणार नाही, त्या धंद्याचं आज काय चाललंय हे पण बघून ठेवा.

एमबीए का, याचं उत्तर मला लीडर व्हायचंय असं देऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. आत्ता जिथे आहात तिथे एखादं काम तुम्हाला करायचं होतं पण येत नव्हतं असा एखादा प्रसंग शोधा, प्राइसिंग ठरवता आलं नाही, टीममधे भांडण सोडवता आलं नाही, बँकेला लोनचं प्रपोजल देता आलं नाही, काहीही. तिथून सुरू करा.

गॅप असेल तर घाबरू नका पण लपवू पण नका. आपल्याकडे एमपीएससी किंवा यूपीएससीच्या तयारीत दोनतीन वर्षं गेलेली खूप मुलं एमबीएकडे वळतात. पॅनल विचारणारच की तिकडे झालं नाही म्हणून इकडे आलात का. हो, निकाल आला नाही, हे सरळ म्हणा. मग त्या वर्षांत काय शिकलात ते सांगा, पॉलिटी, इकॉनॉमी, इतिहास हे तुमचं पक्कं असायला हवं कारण त्यावर प्रश्न येणार, आणि ही वाट सोडायचा निर्णय कधी आणि कशावरून घेतलात ते सांगा. ज्यानी विचार करून दार बंद केलंय त्याच्याकडे पॅनल आदरानीच बघतं, हे मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय. त्या वर्षांची लाज वाटून घेऊ नका, खरंच.

कधीकधी आकड्याचे अंदाज विचारतात, म्हणजे पुण्यात रोज किती वडापाव विकले जातात असलं काहीतरी. बरोबर आकडा कुणालाच माहीत नसतो, तुम्ही बोलत बोलत विचार कसा करता ते बघतात. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 31 लाखांच्या आसपास लोक होते, हद्द वाढली शहर वाढलं, धरा 45 लाख. लहान मुलं आणि म्हातारी माणसं काढली की 30 लाख. त्यातले 10 लाख आठवड्यातून दोनदा खातात, झाले 20 लाख. उरलेले 20 लाख महिन्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला 10 लाख. एकूण 30 लाख भागिले 7, साधारण सव्वाचार लाख रोज. आता दुसऱ्या बाजूनी तपासा, एक गाडी रोज दोनशे विकते धरलं तर दोन हजारांच्या वर गाड्या लागतील, एवढ्या शहरात तेवढ्या असतील का, हो पटतंय. ही शेवटची तपासणी बरेच जण करत नाहीत आणि तीच पॅनलला आवडते.

येत नसेल तर येत नाही म्हणा. पण लगेच आणि शांतपणे. अंदाज लावायचा असेल तर परवानगी घ्या, मला नक्की माहीत नाही पण प्रयत्न करू का, असं. थापा मारल्या की त्याच थापेवर पुढचे तीन प्रश्न येतात. काही पॅनल मुद्दाम तोडून बोलतात, तुमच्याकडे बघत नाहीत, हे उत्तर बकवास आहे म्हणतात. मनाला लावून घेऊ नका. तुमचं मत बरोबर असेल तर आवाज न चढवता एकदा कारण सांगा, आणि त्यांचा मुद्दा पटला तर मोकळेपणानी मान्य करा.

बातम्यांसाठी रोज एक इंग्लिश आणि एक मराठी पेपर, शेतीसाठी ॲग्रोवन चाळा, बजेट 1 फेब्रुवारीला येतं म्हणजे बरोबर तुमच्या इंटरव्ह्यूच्या हंगामात, त्यातले वित्तीय तूट, मोठे खर्च आणि करातले बदल तेवढे नीट बघा. रेपो रेट आत्ता किती आहे आणि तो कोण ठरवतं, महागाईचं टार्गेट 4 टक्के आणि खालीवर 2, एवढं तरी. प्रत्येक मोठ्या बातमीवर तुमचं स्वतःचं मत काय आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा कुठला हे दोन ओळींत लिहून ठेवा, हीच वही वॅटला पण चालते. वॅटला साधारण वीस ते तीस मिनिटं मिळतात, पहिली चार मिनिटं फक्त मुद्दे काढा, बाजू घ्या, एक खरं उदाहरण द्या आणि अक्षर वाचता येईल असं ठेवा.

आदल्या दिवशी ओरिजिनल मार्कशीट्स, कामाची लेटर्स, फॉर्मची प्रिंट आणि कॉल लेटरमधे मागितलेलं सगळं एका फाइलमधे क्रमानी लावा. कपडे साधे, इस्त्रीचे आणि एकदा घालून बघितलेले, नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. मुंबईचं सेंटर असेल आणि बाहेरगावाहून येत असाल तर आदल्या रात्रीच पोहोचा, सकाळच्या लोकलवर भरवसा ठेवून निघू नका. ऑनलाइन असेल तर लाइट गेली तर काय हे आधीच ठरवा, फोनचा हॉटस्पॉट चालू करून एकदा ट्राय करा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की त्या अर्ध्या तासात कुकर लावू नका.

इंटरव्ह्यू झाला की बाहेर येऊन लगेच सगळे प्रश्न लिहून काढा, पुढच्या कॉलेजला त्यातले बरेचसे परत येतात. निकाल साधारण एप्रिल मेमधे येतात आणि वेटलिस्ट पुढे बराच काळ हलत राहते, वरचा नंबर दुसरीकडे गेला की तुमचा नंबर येतो. तेव्हा मेल आणि स्पॅम फोल्डर रोज बघा, आणि ॲक्सेप्टन्स फीची तारीख, परत मिळणारी रक्कम आणि त्याची शेवटची तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी लिहून ठेवा, कारण दोन ऑफर हातात असतील तर घरच्यांशी पैशाचं बोलणं त्या तारखांच्या आधीच व्हायला हवं.